नाव दिलं नाही तर

ज्याने कंठाला स्वर दिला आणि स्वराला ऐकणारे कान दिले, त्याच्या पायांवर आधी डोकं ठेवतो आणि मग पाथरीतल्या एका मुलीची गोष्ट सांगायला घेतो. मुलगी म्हणायची ती सवयीने. तिशी तिने केव्हाच ओलांडली आहे. पण तिच्या आईचं कीर्तन ऐकत मी घडलो. त्या नात्याने ती मला धाकट्या बहिणीसारखी, आणि धाकटी बहीण कधी मोठी होत नाही. तिचं नाव भक्ती. नाव भक्ती, आणि पोटात सूड. एका देहात ही दोन बिऱ्हाडं नांदतात का, असं मला पुष्कळांनी विचारलं. नांदतात. मी डोळ्यांनी पाहिली आहेत, आणि दोन्हींवर माझी माया आहे.

पाथरीच्या बसस्थानकामागे पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या वर दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत भक्तीचा संगणक, आतल्या खोलीत तिची आई नर्मदाबाई. वडील पूर्वीच गेले. गिरणी सुरू झाली की जमीन थरथरते, टेबलावरचा पेला थरथरतो, आणि त्या थरथरीत बसून भक्ती लोकांच्या वेबसाइटी बांधते. सेलूच्या एका जिनिंगवाल्याचे कापसाचे भाव, मानवतच्या रोपवाटिकेची कलमं, कोणाचं मंगल कार्यालय, कोणाची शिकवणी. परभणीत शिकली, पुण्यात नोकरी केली, आणि आईला एकटं ठेववेना म्हणून परत आली. काम चोख. स्वभाव कडक. चूक सोडून देणं तिला जमत नाही. संगणकाच्या कोडातली नाही, माणसातलीही नाही.

आणि एका माणसाची एक चूक तिने शाळेच्या वयापासून उरात जपली होती.

तिचं मागणं एकच होतं. माणिकराव महाराजांना लिंबगव्हाणच्या मंडपात, लिंबगव्हाणच्या लोकांसमोर, कीर्तनाच्या गादीवरून खाली उतरलेलं पाहायचं. त्यांचं घर बुडावं असं तिने कधी मागितलं नाही. त्यांना रोग व्हावा असंही नाही. देवासमोर हात जोडून ती फक्त एवढंच म्हणायची, की त्यांना खाली उतरव, आणि उतरवशील तेव्हा मला समोर बसव. मी तिला एकदा म्हणालो, भक्ती, देवाकडे असं मागू नये. ती म्हणाली, मग कोणाकडं मागू?

असं काय झालं होतं? सांगतो.

लिंबगव्हाण हे त्यांचं मूळ गाव. तिथे नर्मदाबाई कीर्तन करायची. आधी मुलींना टाळ शिकवला, मग चाली शिकवल्या, मग स्वतः उभी राहू लागली. तिचा आवाज गोड नव्हता, खरा होता. अभंगाचं ध्रुपद धरलं की मंडपातला शेवटचा माणूसही पाय आवरून बसायचा. गावातल्या बायकांनी एका वर्षी सप्ताहाच्या बैठकीत हट्ट धरला, की यंदा काल्याचं कीर्तन आमच्या नर्मदेचं. काल्याचं कीर्तन म्हणजे सप्ताहाचा कळस. त्याचा मान मोठा. गावाने मान्य केलं. नर्मदाबाई स्नान करून, नऊवारी नेसून, गळ्यात हार घालून गादीवर उभी राहिली. नमन झालं. अभंग लावला. ध्रुपद एकदा घोळवून झालं, दुसऱ्यांदा घोळवायला घेतलं.

तेवढ्यात माणिकराव महाराज मंडपात आले. ते कीर्तन मंडळाचे अध्यक्ष. तालुक्यातले मृदंगी त्यांचे, टाळकरी त्यांचे, विणेकरीसुद्धा त्यांच्याच शिकवणीतले. ते ओरडले नाहीत. कोणाशी वाद घातला नाही. सरळ चालत गेले आणि मृदंगाच्या पुडीवर हाताचा पंजा ठेवला. मृदंग थांबला. मृदंग थांबल्यावर टाळ थांबले. टाळकऱ्यांनी टाळ खाली ठेवले, आणि नर्मदाबाईचा एकटा स्वर मंडपात उघडा पडला. तो थोडा वेळ चालला, आणि मग तोही थांबला.

मग महाराज म्हणाले, "बाई, गादी सोडा."

बस, तीन शब्द. नर्मदाबाईने हार काढला, देवासमोर ठेवला, आणि ती खाली उतरली. बायकांनी माना खाली घातल्या. पुरुषांनी इकडे तिकडे पाहिलं. महाराज गादीवर चढले आणि त्यांनी काल्याचं कीर्तन केलं. चांगलं केलं म्हणतात. लोक हसले, रडले, प्रसाद घेऊन घरी गेले. मी त्या दिवशी दुसऱ्या गावी होतो. मला हे ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं.

त्या दिवसापासून नर्मदाबाई गायली नाही. बोलायची, हसायची, शेजारणीशी भांडायचीही. पण गाणं संपलं. भाकरी थापताना ओठांवर जे असायचं ते गेलं. देवापुढे दिवा लावायची तो मुक्याने. लहानग्या भक्तीला आधी वाटलं, आईचा घसा धरला असेल. तिने मध चाटवला, हळदीचं दूध दिलं. मग एके दिवशी तिला कळलं की हा घसा मधाने सुटायचा नाही. मायलेकींनी गाव सोडलं आणि पाथरीला बिऱ्हाड केलं. गाव सुटलं, राग सुटला नाही. पोरीच्या वयाबरोबर तो वाढला, तिच्याबरोबर परभणीला गेला, पुण्याला गेला, आणि तिच्याबरोबरच परत आला.

आता पाहा, देव मागणं ऐकतो तेव्हा कोणत्या वाटेने ऐकतो.

मंडळाला वेबसाइट हवी झाली. गावोगावच्या सप्ताहांतल्या कीर्तनांच्या ध्वनिफिती मंडळाकडे साठल्या होत्या. त्या लोकांना मोबाइलवर ऐकता याव्यात, अशी महाराजांची इच्छा. मंडळाचे चिटणीस दत्तराव, निवृत्त शिक्षक, मऊ बोलणारा माणूस. ते भक्तीच्या जिन्याच्या पायऱ्या चढून आले. ती कोणाची मुलगी हे त्यांना ठाऊक होतं, पण ते बोलले नाहीत. महाराजांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नाही. त्यांच्या लेखी ती संगणकवाली मॅडम. भक्तीने काम तिथल्या तिथे स्वीकारलं. आत नर्मदाबाई चहा करत होती. कोणाचं काम आलं आहे ते तिने ऐकलं, आणि चहात साखर घालायची विसरली.

या कामातली एक खुबी तुम्हाला समजून घ्यावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. सोपी आहे. मला कळली तर कोणालाही कळेल.

वेबसाइटीच्या प्रत्येक पानाला पत्ता असतो. भक्तीने पत्ता असा बांधला होता, की आधी मंडळ, मग तिरकी रेघ, मग गाव, मग तिरकी रेघ, मग कीर्तनकाराचं नाव, आणि शेवटी मिनिट, म्हणजे ध्वनिफीत कितव्या मिनिटापासून वाजवायची ते. ज्या चौकटीवर ती वेबसाइटी बांधते, त्या फ्रेमवर्कला हे तुकडे आधी सांगून ठेवावे लागतात, की या जागी गाव येईल, या जागी नाव येईल. सांगितलेला तुकडा आला नाही तर यंत्र गोंधळतं आणि कोरडेपणाने म्हणतं, पान सापडले नाही. मात्र एखाद्या तुकड्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवलं की तो ऐच्छिक होतो. आला तर ठीक, नाही आला तरी पान उघडतं. पण मग एक बंधन येतं. नाही आला तर काय करायचं, ते बांधणाऱ्याने आधीच ठरवून ठेवायचं. आमच्या कीर्तनात तसंच आहे. अभंग हवाच, दृष्टांत असला तर असला. पण दृष्टांत आठवला नाही तर त्या जागी काय बोलायचं, हे उभं राहण्याआधीच मनात ठरलेलं असावं लागतं. नाहीतर भर मंडपात तोंड उघडं राहतं.

आणखी एक गोष्ट. ऐच्छिक तुकडे शेवटी ठेवायचे. मधलाच तुकडा गाळला तर यंत्राला कळत नाही. ते पुढच्याला मधला समजून बसतं. नाव गाळून नुसतं मिनिट दिलं तर मिनिटालाच नाव समजेल. म्हणून नाव गेलं की मिनिटही गेलं. एवढं ध्यानात ठेवा.

पहिल्या खेपेला भक्तीने सगळे तुकडे बंधनकारक ठेवले होते. मंडळ पूर्ण पत्ते वाटणार, लोक त्यावर बोट ठेवणार, पान उघडणार, असा तिचा हिशोब. पण आपल्या जिल्ह्यात पत्ता मोबाइलवरून जातो तसा भिंतीवरूनही जातो. सप्ताहाची जाहिरात गावच्या भिंतीवर रंगवायची, ही आपली रीत. रंगवणारा सिताराम पेंटर. तो वरून सुरुवात करतो. आधी देवाचं नाव, मग महाराजांचं, मग अन्नदात्यांची नावं, आणि उरलेल्या जागेत वेबसाइटीचा पत्ता. बहुतेक भिंती त्याआधीच संपतात. सोनपेठच्या आठवडी बाजारात लोकांनी भिंतीवरचा अर्धा पत्ता मोबाइलात घातला आणि सगळ्यांच्या मोबाइलवर एकच वाक्य आलं, पान सापडले नाही. महाराज तिथेच होते. एका म्हाताऱ्याने त्यांना हसत विचारलं, महाराज, तुमचं मंडळ वैकुंठाला गेलं का काय, पत्ता लागंना.

महाराज संतापले. सितारामला बोलावलं. सितारामचं म्हणणं सरळ होतं. देवाचं नाव कापता येत नाही, अन्नदात्याचं कापलं तर मार खावा लागतो, मग पत्ताच कापतो. भिंत संपली की पत्ता संपला.

मग भक्तीला मंडळाच्या कार्यालयात बोलावणं आलं. दुपारची वेळ, पंखा फिरतो आहे, महाराज तक्क्याला टेकून बसले आहेत, दत्तराव बाजूला. एवढ्या जवळून भक्ती त्यांना पहिल्यांदाच पाहत होती. तिने मला नंतर सांगितलं, की त्यांच्या हाताच्या पंजाकडेच तिचं लक्ष होतं.

तिने शांतपणे समजावलं, की नुसत्या गावाच्या पत्त्यावरही पान उघडेल असं करता येईल. नाव आणि मिनिट दोन्ही ऐच्छिक करू. पण तुम्हाला ठरवावं लागेल. नाव दिलं नाही तर कोणाचं कीर्तन लावायचं?

"माझं," महाराज म्हणाले.

"सगळ्या गावांत?"

"मी समद्या गावांत गेलेलो हाय."

"आणि मिनिट दिलं नाही तर?"

महाराज हसले. "मग सुरुवातीपासून. आणखी कुठून?"

दत्तरावांनी मान खाली घातली. भक्तीने दोन्ही उत्तरं त्यांच्यासमोरच संगणकात भरली, त्यांना वाचून दाखवली, आणि ती निघाली. जिना ती दोन दोन पायऱ्या एकदम टाकत उतरली.

कारण त्या ध्वनिफितींत लिंबगव्हाणची ध्वनिफीत होती. फितीवर नाव माणिकराव महाराजांचं. माइकवाल्यांची रीत अशी, की कीर्तनाची वेळ झाली की ध्वनिमुद्रण सुरू करायचं, आणि शेवटी गादीवर जो असेल त्याचं नाव त्या फितीला द्यायचं. त्या दिवशी शेवटी गादीवर महाराज होते. पण सुरुवातीला कोण होतं? महाराजांनी ती फीत कधी सुरुवातीपासून ऐकलीच नव्हती. महाराज आपलं कीर्तन ऐकायचे ते पूर्ण पत्त्याने, मिनिटासकट. तो पत्ता दत्तरावांनी करून दिलेला, बरोबर त्यांच्या पहिल्या शब्दापासून सुरू होणारा. त्याआधीचं सगळं फितीत तसंच पडून होतं. नमन पडून होतं. ध्रुपद पडून होतं. मृदंग थांबला ती शांतता पडून होती. आणि त्या शांततेनंतरचे तीन शब्दही.

भक्तीने घरी येऊन लिंबगव्हाणचं पान उघडलं. नाव नाही, मिनिट नाही. नुसतं गाव.

आणि बाहेरच्या खोलीत नर्मदाबाईचा आवाज उमटला. गिरणी बंद होती. आतल्या खोलीत भाकरीची थाप थांबली. पिठाचे हात तसेच धरून नर्मदाबाई दारात आली. स्वतःचा आवाज तिने इतक्या वर्षांनी ऐकला. भक्तीला वाटलं, आई रडेल, आणि रडली तर हे सगळं थांबवावं लागेल. आईच्या डोळ्यांतलं पाणी ओलांडून तिला पुढे जाता आलं नसतं. मी सांगतो ना, सूड असला तरी ती लेकच.

नर्मदाबाई रडली नाही. शेवटापर्यंत उभी राहिली. तीन शब्द झाले. मग तिने विचारलं, "हे कुठं वाजणार हाय?"

"लिंबगव्हाणला. मंडपात. उद्घाटनाला."

"तो आसंल?"

"गादीवर."

नर्मदाबाईने पदराला हात पुसले. "मग मधीच बंद करू नको. मृदंग थांबल्यावर किती गप झालं व्हतं, ते समद्यांला आयकू दे. आन् मला म्होरं बसव."

मायबाप वाचकहो, आम्ही गादीवर उभे राहून क्षमेचं निरूपण करतो. कंठ दाटून करतो, आणि खरंच करतो. पण त्या दारात पिठाच्या हातांनी उभ्या असलेल्या बाईला क्षमा कर म्हणण्याचं धाडस माझ्यात नाही. जिचं गाणं गेलं तिनेच मोठं मनही करायचं, असं कोणत्या देवाने सांगितलं आहे? माझ्या देवाने नाही.

उद्घाटनाच्या आधी दत्तराव पुन्हा जिना चढून आले. चहा घेतला. बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "लिंबगव्हाणचं पान मी उघडून बघितलं. भिंतीवरचा पत्ता घालून."

"बरं."

"ते पुढून सुरू करता यील का?"

"येईल की काका. महाराजांनी सांगावं. कशासाठी पुढून, तेबी सांगावं."

दत्तरावांनी बशी पुढे सरकवली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, की त्या दिवशी ते टाळकऱ्यांत होते. भक्ती म्हणाली की ते तिला ठाऊक आहे. शाळेतली पोर होती ती, पुढच्याच रांगेत बसली होती, कोणी कोणी टाळ खाली ठेवला ते तिने पाहिलं आहे. दत्तराव उठले. जिन्यात थांबून म्हणाले, महाराजांना मी काही सांगणार न्हाई. ती म्हणाली, सांगा ना, मला चालतंय.

चालत नव्हतं. ते गेल्यावर तिने लिंबगव्हाणचं पान पुन्हा उघडून पाहिलं. माणसाने एकदा टाळ खाली ठेवला, तो पुन्हा ठेवणार नाही कशावरून? आता सगळं या एका मऊ माणसाच्या जिभेवर टांगलं होतं. त्यांनी एक शब्द काढला की महाराज फीत कापायला सांगणार, कापलेली फीत पानावर जाणार, आणि आईचा आवाज कायमचा जमिनीखाली जाणार. उद्घाटनाच्या दिवसापर्यंत मोबाइल वाजला की भक्ती आधी नाव पाही. मंडळाचा फोन आला नाही.

लिंबगव्हाणच्या सप्ताहाचा शेवटचा दिवस उजाडला. मी होतो तिथे. त्या सप्ताहात कीर्तनाची एक सेवा माझीही होती. मंडप भरलेला. उन्हाची कड आत शिरलेली, बायकांच्या बाजूला लहान पोरं, पुरुषांच्या बाजूला पांढऱ्या टोप्या. मंदिराच्या भिंतीवर सितारामने रंगवलेली ताजी जाहिरात; पत्ता गावाच्या नावापाशी येऊन संपलेला, कारण तिथे भिंतच संपली होती. मंडपाच्या कडेला मोठा पडदा, मोठे ध्वनिक्षेपक, आणि टेबलावर भक्तीचा संगणक. बायकांच्या पहिल्या रांगेत नर्मदाबाई. गावाने तिला ओळखलं. कुजबूज झाली आणि विरली. महाराजांनी तिच्याकडे पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही.

महाराज गादीवर उभे राहिले. हार घातलेला, आवाज भरदार. काल्याच्या कीर्तनाआधी त्यांनी वेबसाइटीचं कौतुक केलं. आता कीर्तन घरोघरी, कीर्तन शेतात, कीर्तन ट्रॅक्टरवर. समद्यांनी मोबाइल काढा, म्हणाले, भिंतीवर पत्ता हाय, तो घाला. मग भक्तीकडे वळले. "मॅडम, तुमीबी भिंतीवर हाय तेच घाला. लोकांला कळू द्या, किती सोपं हाय."

तिने भिंतीवर होतं तेच घातलं.

पडद्यावर पान उघडलं. वर महाराजांचं छायाचित्र, खाली महाराजांचं नाव. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्यांच्या आतून नर्मदाबाईचं नमन वर आलं.

आधी लोकांना वाटलं, कोणी बाई प्रत्यक्षच गाते आहे. माना वळल्या. नर्मदाबाई ओठ मिटून बसलेली. मग आवाज ओळखीचा झाला. जुन्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. महाराजांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, पण त्यामागचा माणूस निघून गेला होता. ते भक्तीला म्हणाले, की हे कोणतं लावलं, माझं लावा. ती उठून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "महाराज, हे तुमचंच हाय. नाव दिलं न्हाई तर तुमचं, आन् मिनिट दिलं न्हाई तर सुरुवातीपासून. तुमीच ठरवलं व्हतं. तुमी म्होरं येताय."

महाराजांनी माइकवाल्याला खूण केली. ध्वनिक्षेपक बंद झाले.

आणि तरीही आवाज थांबला नाही. कारण मंडपात सगळ्यांच्या हातात मोबाइल होते, आणि सगळ्यांनी भिंतीवरचा पत्ता घातला होता. कोणाचं पान आधी उघडलं होतं, कोणाचं मागून. नर्मदाबाई पन्नास तोंडांनी गात होती. पुरुषांच्या बाजूला ध्रुपद होतं, बायकांच्या बाजूला अजून नमन चाललेलं. खांबापाशी अभंग सुरू, मागे दाराशी तो दुसऱ्यांदा घोळवायला घेतलेला. मी आयुष्यभर कीर्तनं ऐकली आहेत. असं कीर्तन ऐकलं नाही. माझ्या अंगावर काटा आला, आणि खोटं कशाला बोलू, डोळ्यांत आनंद आला. तो आनंद सौम्य नव्हता.

मग एका मोबाइलमधला मृदंग थांबला. दुसऱ्यातला थांबला. शांतता मंडपभर ठिपक्याठिपक्यांनी पसरत गेली. आणि त्या शांततेतून महाराजांचा स्वतःचा आवाज उठला, तरुण, कोरा, खणखणीत.

"बाई, गादी सोडा."

मग पलीकडच्या खांबापाशी. मग बायकांत. मग मागे दाराशी. एकाचं संपेपर्यंत दुसऱ्याचं सुरू. प्रत्यक्षातले महाराज गादीवर उभे आणि चहूकडून त्यांचाच आवाज त्यांच्यावर येतो आहे. त्यांनी टाळकऱ्यांना हात केला, भजन धरा म्हणून. टाळकऱ्यांनी दत्तरावांकडे पाहिलं. दत्तराव जमिनीकडे पाहत बसले होते. मोबाइल बंद करा, असं महाराज दोनदा म्हणाले, पण माइक बंद होता आणि मोबाइल चालू होते.

नर्मदाबाईच्या शेजारी सरजाबाई बसली होती, गावातली सगळ्यात जुनी बाई. ज्या बायकांनी त्या दिवशी माना खाली घातल्या, त्यांतली एक. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. कमरेत वाकलेली, पण आवाज ताठ.

"महाराज, उतरा की आता. कवापासून कोण सांगायलंय? तुमचाच आवाज हाय."

कोणी हसलं नाही. तेच वाईट होतं. हसले असते तर महाराज रागावले असते, आणि रागाच्या आधारावर उभे राहिले असते. सगळा मंडप नुसता त्यांच्याकडे पाहत राहिला. त्यांनी हार काढला. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना, हातातच धरला. आणि ते खाली उतरले. पुरुषांच्या बाजूने लोकांनी वाट करून दिली. जाताना त्यांची चप्पलही त्यांना सापडत नव्हती, आणि ती शोधून द्यायला कोणी उठलं नाही.

भक्ती पाहत होती. मी तिच्याकडे पाहत होतो. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी समाधान म्हणणार नाही. ते भूक भागल्यासारखं होतं, आणि भूक जुनी होती.

मग बायका एकदम उठल्या. नर्मदे, गादीवर चल, राहिलेलं पुरं कर. हात धरले, पदर ओढला. सगळा मंडप म्हणू लागला. नर्मदाबाईने हात सोडवून घेतले आणि म्हणाली, "मला न्हाई गायचं. मी त्याला उतरताना बघायला आले व्हते. बघितलं." आणि पदर सावरून ती बाहेर पडली. त्या वर्षी लिंबगव्हाणला काल्याचं कीर्तन झालं नाही. मी जाऊन दोन अभंग म्हटले, दहीहंडी फुटली, लोकांनी काला खाल्ला. चव सगळ्यांना लागली असेल असं मला वाटत नाही.

पुढे पुष्कळांनी भक्तीला बोल लावले. देवाच्या दारात असं करू नये, म्हणाले. ती ऐकून घेई आणि कामाला बसे. मला मात्र म्हणाली, देवाच्या दारातच केलं होतं त्यांनी, मग मी दुसरं दार कुठं शोधू?

काही दिवसांनी गिरणी बंद असताना, सकाळच्या वेळी, तिचा मोबाइल वाजला. महाराजांचा आवाज बसलेला होता. लोक रोज ते पान उघडतात, फीत गावोगाव पोचली, आता कापूनही उपयोग नाही, म्हणाले. माझं नाव काढा तिथून. भक्ती म्हणाली, काढते. फक्त एक सांगा, नाव न देता कोणी आलं तर काय दाखवू?

"काहीच नको."

"काहीच नको असं ठेवलं की पान फुटतं, महाराज. सोनपेठला फुटलं होतं तसं."

"मग कोणाचंबी दाखवा."

"कोणाचंबी असं लिहिता येत न्हाई. नाव लागतं. तुमी अध्यक्ष. तुमीच सांगायचं."

पलीकडे महाराजांनी घसा खाकरला. मग ते म्हणाले, "त्या बाईचं."

"कोणत्या?"

"नर्मदाबाईचं."

भक्तीने मोबाइलचा आवाज मोठा केला आणि तो टेबलावर ठेवला. "महाराज, आवाज तुटला. परत सांगा."

आवाज तुटला नव्हता. महाराजांनाही ते कळलं असावं. पण ते पान रोज उघडत होतं, आणि त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती.

"नर्मदाबाई," ते म्हणाले, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून.

भक्तीने नाव भरलं. आतल्या खोलीत भाकरीची थाप थांबली होती. दाराच्या पडद्यामागून नर्मदाबाईचा आवाज आला, ना चढा ना पडका, बाजारात वजनात राहिलेलं मागावं तसा.

"अजून एकदा म्हणायला लाव त्याला."

भक्तीने मोबाइल उचलला.

"महाराज," ती म्हणाली, "अजून एकदा."